प्रयोग कितीही करा, पत्ता आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोकरीत मी दुसऱ्यांच्या वेबसाइट बांधतो. आता स्वतःची जागा हवी आहे. तिथे मराठीत ब्लॉग लिहायचा, दोन-चार छोटी वेब ॲप ठेवायची आणि लिंकांचे काही प्रयोग करून बघायचे असा विचार आहे. लेखांचे पत्ते मराठीत ठेवावेत का? ॲप ब्लॉगच्याच डोमेनवर ठेवावीत की वेगळी? आणि ब्लॉगस्पॉटवर माझा जुना ब्लॉग आहे, तो नव्या जागी आणला तर आधीच्या लिंकांचं काय?"

तिन्ही प्रश्न शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात: पत्ता, म्हणजे यूआरएल. बहुतेक डेव्हलपर आधी फ्रेमवर्क निवडतात, मग थीम, मग होस्टिंग, आणि पत्ते त्या साधनाला वाटेल तसे पडतात. माझा आग्रह बरोबर उलटा आहे. फ्रेमवर्क उद्या बदललंत तर वाचणाऱ्याला कळणारही नाही. पत्ता मात्र एकदा बाहेर पडला की कुणाच्या ब्लॉगवर, कुणाच्या व्हॉट्सॲप गटात, कुणाच्या बुकमार्कांमध्ये जाऊन बसतो आणि तिथे तुमचा हात पोचत नाही.

याचं कारण वेबच्या घडणीतच आहे. टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकात हायपरटेक्स्टची कल्पना मांडली तेव्हा त्यांना दोन्ही टोकांना ठाऊक असलेली लिंक हवी होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत प्रस्ताव लिहिला आणि पुढे जे वेब उभं केलं, त्यात ही अट ठेवली नाही. कुणाच्याही पानाकडे लिंक द्यायला परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही. वेब इतक्या झपाट्यानं पसरलं त्यात याचा मोठा वाटा आहे. पण त्यामुळेच पान हलवलं तर लिंक देणाऱ्याला कुणी कळवत नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच यावर एक टिपण लिहिलं होतं आणि त्यातला मुद्दा आजही तसाच लागू आहे: पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. पत्ते मराठीत ठेवावेत का? यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याचं उत्तर सापडत नाही.

‘मराठी’ हा शब्द घ्या. त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ युनिकोड चिन्हं आहेत (युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं प्रमाण). यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती चिन्हं साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे ५ चिन्हांचे १५ बाइट आणि त्यांची ४५ अक्षरं. ब्राउझरच्या पट्टीत तुम्हाला सुरेख ‘मराठी’ दिसतं, पण तिथून कॉपी करून संदेशात चिकटवलं की बहुतेक वेळा टक्क्यांची लांबलचक माळ पडते. वाचणाऱ्याला ती संशयास्पद वाटते, आणि काही ॲप मध्येच कुठेतरी लिंक तोडतात.

वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीत याचा आणखी एक परिणाम होतो. लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्यातला शीर्षकाचा भाग, डेटाबेसमध्ये २०० अक्षरांच्या रकान्यात साठवला जातो आणि देवनागरी स्लग तिथे टक्क्यांच्याच रूपात जातो. २०० भागिले ९ म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, तीही काना-मात्रा आणि हलन्त धरून. ‘कोकणातल्या कातळशिल्पांच्या शोधात’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता दुसरा शब्द पुरा होण्याआधीच संपतो. ब्लॉगरनं, म्हणजे ब्लॉगस्पॉटमागच्या गूगलच्या सेवेनं, वेगळा मार्ग घेतला होता. शीर्षकात रोमन अक्षरं नसली की तो ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव देतो आणि पुढे आकडे जोडत जातो. म्हणून जुन्या मराठी ब्लॉगांच्या शेकडो पत्त्यांमध्ये इंग्रजीत ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढंच दिसतं आणि लेख कशाबद्दल आहे याचा मागमूस नसतो.

स्वतः कोड लिहिणार असाल तर स्लग बनवणारी लायब्ररी आधी तपासा. अनेक लायब्रऱ्या ‘अक्षर’ या युनिकोड वर्गातलं तेवढं ठेवतात आणि बाकीचं गाळतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ही सगळी चिन्हं युनिकोडच्या लेखी ‘अक्षर’ नसून जोडचिन्हं आहेत, ती वेगळ्या वर्गात येतात. परिणामी ‘मराठी’ चं ‘मरठ’ होतं. पायथनच्या साध्या रेगेक्समधलं, म्हणजे मजकुरात नमुने शोधण्याच्या भाषेतलं, बॅकस्लॅश-डब्ल्यू हेच करतं. जावास्क्रिप्टमधलं तर देवनागरी अक्षरंही ओळखत नाही. तिथे यू हा फ्लॅग लावून अक्षर आणि जोडचिन्ह असे दोन्ही युनिकोड वर्ग स्वतः मागावे लागतात.

सगळ्यात फसवा प्रकार आहे आपल्या ऱ्या-ऱ्ह चा. ‘साताऱ्यात’, ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ यातली चंद्रकोरीसारखी र दोन तऱ्हांनी टाइप होते. काही कीबोर्ड ‘र, हलन्त, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक’ असा क्रम पाठवतात, काही ‘नुक्त्याचा ऱ, मग हलन्त’ असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द, म्हणजे दोन वेगळे पत्ते. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, लावून हा फरक जात नाही, कारण प्रमाणाच्या दृष्टीनं ते समतुल्यच नाहीत. पहिला क्रम दुसऱ्यात बदलण्याची एक ओळ तुमच्या कोडमध्ये हवीच, आणि ती पत्ता बनवताना, शोध घेताना, टॅग जुळवताना अशी सगळीकडे एकाच फंक्शनमधून लागली पाहिजे.

एवढी काळजी घेतली तर देवनागरी पत्ते उत्तम चालतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून ते चालवत आलं आहे. पण तिथे पानाच्या वेगवेगळ्या लेखनांसाठी पुनर्निर्देशनं (एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे वळवणाऱ्या नोंदी) तयार करणारी माणसं सतत काम करत असतात. एकट्याच्या ब्लॉगसाठी माझं मत स्पष्ट आहे: पत्त्यात आधी कायमचा क्रमांक ठेवा, त्यापुढे रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा स्लग, आणि सर्व्हरनं फक्त क्रमांक बघायचा. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ हेच करतं. स्लग अर्धवट तुटला, त्यातलं शुद्धलेखन नंतर सुधारलं, शीर्षकच बदललं, तरी लेख सापडतो आणि सर्व्हर वाचकाला योग्य पत्त्यावर नेऊन सोडतो. वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात असावेत असा सल्ला गूगल देतं आणि तो चुकीचा नाही. पण लेखाचं मराठी शीर्षक, पानावरची मराठी आणि पानाच्या भाषेची खूण नीट असेल तर पत्ता रोमन असल्यानं मराठी लेखाचं अडतं असा माझा अनुभव नाही. लिंक पाठवल्यावर व्हॉट्सॲपमध्ये जी चौकट दिसते तिच्यासाठी ओपन ग्राफचे टॅग भरा. तिथे शीर्षक देवनागरीत दिसतं आणि माणूस तेच वाचून लिंक उघडतो.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. हवं तर घ्या, पण मुख्य डोमेनकडे वळवून ठेवा. आतल्या आत ते प्युनिकोडच्या रोमन अक्षरांतच साठतं आणि कितीतरी फॉर्म आजही असा पत्ता स्वीकारत नाहीत.

आता लिंकांचे प्रयोग. प्रत्येक डेव्हलपर-ब्लॉगरला कधी ना कधी वाटतं की लेखातल्या ठरावीक शब्दांना आपोआप लिंक लागावी: ‘कोल्हापूर’ आलं की कोल्हापूरवरच्या लेखाची लिंक. इंग्रजीत हे संध्याकाळभराचं काम आहे. मराठीत शब्द विभक्तीत शिरला की त्याचं अंग बदलतं. कोल्हापूरचं कोल्हापुरात होतं, म्हणजे दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. पुणे पुण्यात जातं, गोवा गोव्याला, सातारा साताऱ्याहून. साधं शब्द-शोधणं यातलं काहीच पकडत नाही. माझी पद्धत अशी: प्रत्येक नावासमोर त्याचं सामान्यरूप हातानं लिहून ठेवायचं, कोल्हापुरा, पुण्या, गोव्या, साताऱ्या, आणि त्यापुढे प्रत्यय येतील तेवढे येऊ द्यायचे, शब्दाच्या शेवटापर्यंत. शब्दाची हद्द ओळखायला रेगेक्सचं बॅकस्लॅश-बी जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीसाठी निरुपयोगी आहे, त्यामुळे मागे-पुढे अक्षर किंवा जोडचिन्ह नाही ना हे लुकअराउंडनं स्वतः तपासावं लागतं. मागे बघणारा प्रकार सफारीत १६.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आला.

हे सगळं जमलं तरी ‘पुण्याचं काम’ उरतंच. ते पुणे शहरातलं काम की पुण्यकर्म? आणि ‘पुण्याई’? म्हणून हा प्रयोग वाचकासमोर चालवू नका, लिहिताना चालवा. मसुद्यावर तुमची स्क्रिप्ट फिरू दे, तिनं जागा सुचवाव्यात, लिंक तुम्ही लावावी आणि ती लेखाच्या मजकुरातच साठवावी. पान उघडताना जावास्क्रिप्टनं टाकलेल्या लिंका स्क्रिप्ट मोडली की नाहीशा होतात. लेखात साठवलेली लिंक पुढचं साधन आलं तरी लेखाबरोबर जाते.

बाहेर जाणाऱ्या लिंकांसाठी एक छोटा तपासनीस लिहा. महिन्यातून एकदा सगळे पत्ते उघडून बघणारी स्क्रिप्ट पुरते, पण ती ‘पान सापडलं नाही’ सांगणाऱ्या नुसत्या ४०४ या कोडवर विसंबून चालणार नाही. सोडून दिलेली डोमेनं दुसरेच कोणी घेतात आणि तिथे जुगाराची जाहिरात २०० या यशाच्या कोडसह हसतमुखानं उभी असते. म्हणून लिंक देतानाच त्या पानाचं शीर्षक आणि तारीख आपल्याकडे नोंदवा; पुढच्या तपासणीत शीर्षक साफ बदललेलं दिसलं की स्वतः जाऊन बघा. त्याच वेळी वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात पानाची प्रत जतन करायची सवय लावा.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळं स्वतःच्या फाँटमध्ये छापली जात. त्या पानांची प्रत संग्रहात सापडली तरी तो फाँट आज कुणाच्या संगणकावर नसतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा चुरा दिसतो. अशा लेखाचा हवाला देत असाल तर ज्या दोन-चार ओळींवर तुमचं म्हणणं उभं आहे त्या युनिकोडमध्ये स्वतः टाइप करून उद्धृत करा. पुढच्या वाचकाला त्या ओळी दुसरीकडे मिळतीलच अशी खात्री नाही.

लिंका आखूड करणाऱ्या सेवांपासून लांब राहा. गूगलनं २००९ मध्ये स्वतःची अशी सेवा काढली, २०१९ मध्ये नव्या लिंका बनवणं बंद केलं, आणि २०२४ मध्ये जाहीर केलं की ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत. ओरड झाल्यावर वापरात असलेल्या लिंका चालू ठेवायचं ठरलं, वापर न दिसलेल्या गेल्या. कमी गर्दीच्या मराठी लेखाची लिंक कोणत्या गटात मोडेल हे सांगायला नको. आखूड लिंक हवीच असेल तर आपल्या डोमेनवर क्रमांकाचा पत्ता आहेच, वर सांगितलेला.

वेबमेंशन हा प्रयोग मात्र जरूर करा. २०१७ पासून ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची शिफारस आहे. तुम्ही कुणाला लिंक दिलीत की तुमचा सर्व्हर त्यांच्या सर्व्हरला तसं कळवतो आणि ते आपल्या लेखाखाली उलट लिंक दाखवू शकतात. नेल्सन यांच्या दोन टोकांच्या लिंकेच्या जवळ जाणारं काहीतरी. मराठीत हे स्वीकारणारे ब्लॉग फार नाहीत, म्हणून तर कुणीतरी सुरू करायला हवं.

फीड, म्हणजे नव्या लेखांची रीडर ॲपना वाचता येणारी यादी, द्याच. फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तरी आरएसएस, म्हणजे फीडचं रूढ स्वरूप, संपलं नाही, कारण फीड प्रत्येकाच्या स्वतःच्या पत्त्यावर होती; वाचकांनी दुसरा रीडर घेतला आणि तोच पत्ता त्यात टाकला. ज्यांनी फीडबर्नर या मधल्या सेवेचा पत्ता वाटला होता त्यांचे वाचक मात्र फीडबर्नरच्या हातात राहिले, आणि २०२१ मध्ये तिथली ईमेल सेवा थांबली तेव्हा त्यांना धावपळ करावी लागली. फीडमधल्या प्रत्येक लेखाला एक कायमची ओळख असते. तीही पत्त्याइतकीच जपा. ती बदलली की वाचकांच्या रीडरमध्ये तुमचे सगळे जुने लेख एका सकाळी नवे म्हणून येऊन पडतात.

दुसरा प्रश्न, ॲप कुठे ठेवायची. इथे पत्त्याचा संबंध लिंकेपेक्षाही खोल आहे. वापरणाऱ्याचा डेटा, मग तो लोकल स्टोरेजमध्ये असो की इंडेक्स्डडीबीमध्ये (दोन्ही ब्राउझरमधल्या साठवणुकीच्या जागा), ब्राउझर ‘ओरिजिन’ला बांधतो: प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून. त्यातलं काहीही बदललं की ब्राउझरच्या दृष्टीनं नवं बिऱ्हाड आलं, जुन्या सामानावर त्याचा हक्क नाही. तुम्ही एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेलात, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढलंत, ॲप एका उपडोमेनवरून दुसऱ्यावर नेलंत, तर लोकांच्या नोंदी त्यांच्याच फोनमध्ये असूनही तुमच्या ॲपला दिसत नाहीत. सर्व्हरवरचं ३०१, म्हणजे कायमचं, पुनर्निर्देशन पान नेतं, हा डेटा नेत नाही.

उलट बाजूही आहे. गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर एकाच खात्याखाली चार ॲप वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवलीत तर चारींचं ओरिजिन एकच. एका ॲपनं ‘सेटिंग’ नावानं काही साठवलं आणि दुसऱ्यानंही तेच नाव वापरलं की एकमेकांवर लिहिलं जातं. म्हणून माझं उत्तर: स्वतःचं एकच डोमेन घ्या, ब्लॉग त्याच्या मुळाशी, आणि प्रत्येक ॲपला पहिल्या दिवसापासून स्वतःचं उपडोमेन. लेट्स एन्क्रिप्टमुळे एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राचा खर्च नाही, त्यामुळे कंजुषी करण्याचं कारणही नाही.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी हे लक्षात ठेवा: सफारीमध्ये माणूस ब्राउझर वापरत राहिला पण सात दिवस तुमच्या साइटकडे फिरकला नाही, तर स्क्रिप्टनं साठवलेला डेटा पुसला जातो. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला यातून सूट आहे. तरीही डेटा फाइलमध्ये उतरवून घ्यायचं आणि परत चढवायचं बटण द्या.

एक उदाहरण घेऊन बोलू. मराठी माणसाला खरोखर लागणारं छोटं ॲप म्हणजे जमिनीच्या मापांचं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं आणि बोलणं चालतं एकर-गुंठ्यात. ४० गुंठ्यांचा एकर, ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, १०० आरचा हेक्टर. गणित शाळकरी आहे. अवघड आहे ते माणूस काय टाइप करील हे ओळखणं. सातबाऱ्यावर ०.४०.५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ० हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. एकूण ४०५० चौरस मीटर, एकराहून जेमतेम ३ चौरस मीटर जास्त. दोन टिंबांचा हा आकडा कोणतंही तयार फंक्शन वाचत नाही. शिवाय मराठी कीबोर्डवरून तो ‘०.४०.५०’ असा देवनागरी अंकांत येतो. जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन ‘१२’ ला आकडाच मानत नाही. पायथनचं इंट तो बिनतक्रार वाचतं. म्हणजे ब्राउझरमध्ये नाकारलेलं सर्व्हरवर चालतं, आणि दोष कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. गंमत म्हणजे मराठी लोकॅल, म्हणजे भाषेची निवड, दिलं की जावास्क्रिप्ट स्वतः देवनागरी अंक छापतं, पण आपणच छापलेलं परत वाचू शकत नाही. आत येणारा प्रत्येक आकडा आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या, बाहेर दाखवताना देवनागरी करा.

आता हे उत्तर भावाला पाठवायचं आहे. ॲपची स्थिती पत्त्यात नसेल तर माणूस स्क्रीनशॉट पाठवतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये आकडा बदलून बघता येत नाही. म्हणून टाकलेलं माप पत्त्यातच जाऊ द्या, तेही इंग्रजी अंकांत आणि एकाच ठरलेल्या रूपात, म्हणजे एकाच मापाचा एकच पत्ता होईल.

पत्त्यातल्या हॅशच्या (#) चिन्हापुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, ही गोष्ट इथे कामाला येते. ट्विटरनं २०१० मध्ये सगळी पानं हॅशमागे ठेवली होती. जावास्क्रिप्टशिवाय काहीच उघडेना, आणि २०१२ मध्ये त्यांनी ते सोडलं. वाचायच्या मजकुरासाठी हॅश चुकीचाच, तिथे हिस्टरी एपीआय, म्हणजे स्क्रिप्टनं पट्टीतला पत्ता बदलण्याची ब्राउझरची सोय, वापरून खरे पत्ते द्या. पण गट नंबर, मालकाचं नाव, भावकीतली वाटणी असलं काही पत्त्यातून जाणार असेल तर ते हॅशपुढेच ठेवा. ते तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, उतरत नाही आणि वाचक कुठून आला हे सांगणाऱ्या रेफररमधून दुसऱ्या साइटलाही कळत नाही. लोकांची माहिती आपल्याकडे येऊच न देणं हा ती सांभाळण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे.

लिंकेनं काहीही बदलता कामा नये, हेही ठरवून टाका. ‘काढून टाका’, ‘मंजूर करा’ या क्रिया साध्या लिंकेवर ठेवू नका, फॉर्म आणि पोस्ट (सर्व्हरला बदल करायला सांगणारी विनंती) वापरा. २००५ मध्ये गूगलनं वेब ॲक्सिलरेटर नावाचं साधन काढलं होतं. ते पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं, आणि ज्या ॲपमध्ये ‘डिलीट’ ही साधी लिंक होती तिथे लोकांच्या नोंदी भराभर उडाल्या. ते साधन गेलं, पण आज लिंकांची झलक बनवणारे बॉट आणि ईमेल तपासणारी सुरक्षा साधनं माणसाच्या आधी लिंक उघडतात.

ॲप शेतात, नेटवर्क नसताना चालायला हवं असेल तर सर्व्हिस वर्कर, म्हणजे साठवलेली पानं नेटशिवाय देणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, लागेल. त्याच्या फाइलचा पत्ता कधीही बदलू नका. ब्राउझर नवी आवृत्ती त्याच पत्त्यावर शोधतो; तिथे ती नसेल तर जुनाच वर्कर जुनी पानं देत राहतो. उद्या ॲप बंद केलंत तरी त्या पत्त्यावर स्वतःची नोंदणी रद्द करणारा छोटा वर्कर ठेवावा लागतो, आणि पानासाठी ४१० हा कोड, म्हणजे ‘हे होतं, आता नाही’. सोबत दोन ओळी लिहा: काय होतं, कधी थांबवलं, डेटा कसा उतरवून घ्यायचा.

तिसरा प्रश्न, जुना ब्लॉग. तो आणाच, आणि नीट आणा. ब्लॉगरमधून ॲटम स्वरूपात पूर्ण बॅकअप मिळतो, त्यात लेख आणि प्रतिक्रिया असतात. प्रतिक्रिया टाकून देऊ नका; त्या काळच्या मराठी ब्लॉगांवर कितीदा निम्मी चर्चा तिथेच झालेली असते. चित्रं वेगळी उतरवा, कारण बॅकअपमधल्या लेखात चित्रांचे फक्त पत्ते येतात आणि ते गूगलच्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहतात.

हलवण्याआधी ब्लॉगरमध्येच तुमचं नवं डोमेन जोडून घ्या. त्यानंतर ब्लॉगस्पॉटचा प्रत्येक पत्ता तुमच्या डोमेनवर, पुढचा मार्ग तसाच ठेवून, वळतो. पुढे डोमेन दुसऱ्या सर्व्हरकडे नेलंत की वाचकाला मध्ये ‘हा ब्लॉग आता दुसरीकडे आहे’ अशी इशाऱ्याची पाटी लागू शकते, पण तो हरवत नाही. तुमच्या सर्व्हरवर जुन्या मार्गांची एक यादी ठेवा: वर्ष, महिना, ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि आकडा असलेला प्रत्येक पत्ता ज्याच्या त्याच्या नव्या लेखाकडे ३०१ नं. सगळे मुखपृष्ठावर ढकलू नका, वाचकासाठी ते हरवल्यासारखंच आहे. मोबाइलवरून पाठवलेल्या ब्लॉगर लिंकांच्या शेवटी प्रश्नचिन्ह, एम आणि एक असं शेपूट असतं, ते गाळून जुळवा. लेबलांची पानं आणि फीडचा जुना पत्ता यादीत घ्यायला विसरू नका.

आणखी एक गोष्ट, खास आपल्याकडची. २०१२ ते २०१८ या काळात भारतातून उघडलेला ब्लॉगस्पॉट ‘डॉट इन’वर वळायचा, त्यामुळे त्या वर्षांत लोकांनी एकमेकांना दिलेल्या लिंका बहुतांशी ‘डॉट इन’च्या आहेत. २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या ताब्यातून सुटलं आणि त्या सगळ्या लिंका मेल्या. ‘डॉट इन’च्या जागी ‘डॉट कॉम’ केलं की लेख उघडतो, पण हे सामान्य वाचकाला ठाऊक नसतं. तुमच्या जुन्या लेखांमधून इतर मराठी ब्लॉगांना दिलेल्या अशा लिंका बॅकअपच्या फाइलमध्येच शोधून बदला, एका आज्ञेचं काम आहे. तुमच्या ब्लॉगाकडे येणाऱ्या अशा लिंका ज्यांच्या पानांवर दिसतील त्यांना लिहून कळवा. हलवल्यानंतर पहिले काही महिने सर्व्हरच्या लॉगमधले ४०४ नियमित बघत राहा. मनात नसलेले पत्ते तिथेच सापडतात: कुणीतरी अर्धवट कॉपी केलेला, कुणीतरी शेवटी पूर्णविराम चिकटवलेला, देवनागरी लेबलाचा दोनदा टक्क्यांत बदललेला. त्यातला प्रत्येक यादीत टाका.